आजोबा आधी का जातात?

प्रिय प्रज्ञा आणि ईशान,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पाच महिने लागले, कारण मध्ये मला हार्ट अ‍ॅटॅक आला. शाळेत कुणी गृहपाठाला उशीर केला आणि एवढं सबळ कारण दिलं, तर मी त्याला नक्की माफ केलं असतं. तुम्हीही करा.

प्रश्न तुम्ही विसरला असाल. प्रज्ञाला शाळेत आपला वंशवृक्ष काढून न्यायचा होता. तिने मेलबर्नहून फोन करून एकेकाचं जन्माचं आणि मृत्यूचं साल विचारलं. माझ्याकडे ते फाइलमध्ये लावलेलं असतं, म्हणून पाच मिनिटांत सांगून झालं. तिकडे जरा वेळ पेन्सिलीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आजी, आपल्याकडचे सगळे आजोबा आधी का जातात? आज्या तर खूप वर्षं राहतात."

मागून ईशान ओरडला, "मग आता आपले आजोबा?"

आपले आजोबा माझ्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "मी कुठं जात नाय. मला गाडी पुसायची हाय." आपण सगळे हसलो. फोन ठेवल्यावर मी मात्र फाइल पुन्हा उघडली. चार पिढ्या, आणि एकही आजोबा आजीच्या मागे राहिलेला नाही. मी इतकी वर्षं ती पानं लावत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

महिन्याभरात मी आजारी पडले. त्या दुखण्यात मला जे दिसलं ते लिहिते आहे. तुमच्या आईने आणि तिच्या वयाच्या मैत्रिणींनी पुढचा भाग तरी वाचावा. बाकीचं तुमच्यासाठी आहे.

पित्त

ऑक्टोबरातली सकाळ, नऊ वाजले असतील. मी दोरीवर कपडे घालत होते. जबड्यात खालच्या बाजूला दाढ दुखावी तसं दुखू लागलं. मग पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. मळमळ आणि घाम. छातीत काहीही नाही. मी ठरवलं, पित्त. कोकमाचं सरबत घेतलं, पित्ताची गोळी घेतली, उरलेले कपडे वाळत घातले. पित्त कशाने झालं असेल याचा विचार करून आदल्या दिवशीच्या वालाच्या बिरड्याला दोषही दिला.

हार्ट अ‍ॅटॅक कसा येतो ते मला माहीत होतं, म्हणजे पुरुषाला येतो तो. छाती धरायची, डावा हात दुखायचा आणि खुर्चीवरून खाली यायचं. आजोबांच्या बाबतीत मी या सगळ्यावर नजर ठेवून होते. माझ्या स्वतःच्या बाबतीत माझ्याकडे दुखणं एकच होतं, पित्त.

आपल्या शेजारी वनिता राहते. ती आशा कार्यकर्ती आहे, घरोघरी जाऊन गरोदर बायकांची आणि बीपीवाल्यांची नोंद ठेवते. ती कोथिंबीर मागायला आली आणि दारातच थांबली.

"बाई, तुमचा चेहरा असा राखेवानी का झालाय?"

"पित्त झालंय गं."

"पित्ताला एवढा घाम? बसा खाली. बसा म्हणते ना."

पोलादपूरच्या हायस्कुलात मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मला 'बसा' म्हणणारं फारसं कुणी नाही. मी बसले. वनिता हायवेवरच्या चहाच्या टपरीवर धावली आणि आजोबांना घेऊन आली. त्यांनी काही न विचारता गाडी काढली.

महाड अर्ध्या तासावर. तुम्हाला माहीत आहे, आजोबांनी तीस वर्षं महाडच्या एका कंपनीच्या कामगारांची बस चालवली, तो रस्ता त्यांच्या अंगात आहे. एकही खड्डा मला लागला नाही. मी त्यांना सांगत होते की विम्याचे कागद डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, निळी फाइल, हिरवी नाही. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगा. ते म्हणाले, "गप बस. जन्मात एकदा तरी गप बस."

निदान

दवाखान्यातल्या डॉक्टर चाळिशीच्या आतल्या बाई होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि स्वच्छ सांगितलं, "बाई, हा हार्ट अ‍ॅटॅक आहे."

मी म्हटलं, "पण माझ्या छातीत दुखत नाही." जणू त्यांचं उत्तर चुकलं होतं.

"बायकांना दरवेळी छातीत दुखतंच असं नाही. म्हणून तर तुम्ही उशिरा येता." मग त्या आजोबांकडे वळल्या. "यांना बीपी आहे? शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिलाच इचारा."

नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी मी सगळं सांगितलं. माझ्या गोळ्या, त्यांचे डोस, शेवटची तपासणी. आणि सवयीने पुढेही गेले, "यांचं बीपी मार्चमध्ये जरा वाढलं होतं, आणि यांना रात्री खोकला..."

डॉक्टर म्हणाल्या, "बाई, पेशंट तुम्ही आहात."

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि मला आयसीयूत नेलं. तिथे दिवे बंद होत नाहीत, त्यामुळे दिवस कुठे संपतो ते कळत नाही. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आत एक विचित्र कुतूहल होतं, ते कबूल करते. मी पडल्या पडल्या आपला वंशवृक्ष मनात काढत होते. चार पिढ्यांचा नियम, आणि तो मोडणारी मी पहिली. मी गेले तर आजोबा मागे राहणार. मग त्यांना भात कोण देणार असा विचार मी करायला हवा होता. मी विचार करत होते की प्रज्ञाला आता नियम बदलून लिहावा लागेल.

सोनूबाई

दोन दिवसांनी मला बायकांच्या जनरल वॉर्डात हलवलं. तुमच्या आईने फोनवर हट्ट धरला की स्पेशल रूम घ्या. रूम रिकामी नव्हती, आणि ते बरंच झालं.

सकाळी सहाला चहा. मग झाडू, मग फिनेलचा वास, मग नाडी-बीपी. दहाला डॉक्टरांचा राउंड. चार ते सहा भेटायची वेळ, तेव्हा एकेका खाटेभोवती सहा-सात माणसं. 'जय भीम बाई' म्हणत आपले नातेवाईक येऊन गेले, जुने विद्यार्थी येऊन गेले. सगळ्यांनी नारळपाणी आणलं. मला दिवसाला किती पाणी प्यायचं ते मोजून दिलं होतं, म्हणून ते सगळं नारळपाणी वॉर्डाने प्यालं.

शेजारच्या खाटेवर तुडील गावच्या सोनूबाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, न्युमोनियातून उठलेल्या, हातापायाच्या काड्या आणि आवाज मात्र नदीपलीकडे जाईल असा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझे विस्कटलेले केस पाहिले, सुनेला कंगवा काढायला लावला आणि म्हणाल्या, "हिची येणी घाल गो आधी. मास्तरीणबाय हाय, आन् भुतावानी दिसतंय." त्या अनोळखी सुनेने माझी वेणी घातली. तीन दिवसांनी कुणी तरी माझ्या अंगाला सुईशिवाय हात लावला होता. मी भिंतीकडे तोंड करून थोडं रडून घेतलं.

दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि माझ्या ताटातली अळणी दुधीची भाजी उचलून चाखली. "शी! हे खाऊन हार्ट चालू ऱ्हातंय?" माझ्या आजीच्या काळी, याच तालुक्यात, माझ्या ताटातलं त्यांनी उचललं नसतं. मी तो भाकरीचा तुकडा सावकाश खाल्ला.

मग मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला. बायका जास्त का जगतात?

"बाप्या रिकामा बसला की सपला," त्या म्हणाल्या. "आमाला कोण रिकामं बसू देतंय?"

पलीकडच्या खाटेवरून एक बाई म्हणाली, "दारू वो, दुसरं काय." आणखी कुणी म्हणालं की बायका रडून मोकळ्या होतात. झाडू मारणारी थांबली आणि म्हणाली की यमालाही घरात काम करणारं माणूस न्यायला जिवावर येतं. सगळा वॉर्ड हसला. मी म्हटलं, जरा हळू, मला हसायला बंदी आहे.

"तुमचे मालक कधी गेले?" मी सोनूबाईंना विचारलं.

"झाली की एकोणतीस वर्सं. छातीत कळा यायच्या. मी म्हनलं, दाक्तरकडं चला. म्हनला, लावनी होऊ दे. लावनी झाली. मंग म्हनला, कापनी होऊ दे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कापनी मीच केली."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आन् जास्त जगतो म्हंजे काय गो? गुडघं गेलं, डोळं गेलं, दात गेलं. आमटीत पानी घालून वाढवत्यात ना, तसलं आमचं आविष्य. पुरतं सगळ्यांना. चव नाय."

हे मी तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या तक्त्यात नुसती सालं होती. त्या सालांच्या आत कसं गेलं, ते सालांवरून दिसत नाही.

समोरचा वॉर्ड

चौथ्या दिवशी मला व्हरांड्यात सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं. समोर पुरुषांचा वॉर्ड होता. त्याच्या दारापर्यंत जायचं आणि परतायचं. राउंड चालू होता, म्हणून मी दाराशी थांबले.

डॉक्टरांनी एका गृहस्थांना विचारलं, "जेवलात का?"

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अर्धी भाकरी खाल्ली."

"संडासला झाली?"

"नाय झाली," बायको म्हणाली.

"दुखतंय कुठे?"

गृहस्थ छताकडे बघत होते. बायको म्हणाली, "कमरंत दुखतंय त्यांना."

पुढची खाट. तेच. त्याच्या पुढची, तेच. त्या वॉर्डात सहा पुरुष होते आणि बोलत होत्या त्यांच्या बायका. एकाची बायको चहा आणायला गेली होती, डॉक्टर त्याच्यापाशी आल्या तेव्हा तो म्हणाला, "ती येतेय आता."

मला हसू आलं. आमच्या वॉर्डात तासाभरात एकीचं गर्भाशय कधी काढलं ते दुसरीला माहीत होतं. नवरे दाराशी पिशवी धरून उभे असायचे आणि विचारलं तर "तिलाच इचारा" म्हणायचे. मी खाटेवर परत आले, हसतच. आणि पाय वर घेताना मला माझ्या चिठ्ठ्या आठवल्या.

तुम्हाला हे माहीत नाही. आजोबांना डॉक्टरकडे नेताना मी नेहमी एक चिठ्ठी लिहिते. क्रमांक घालून: एक, खोकला, आठ दिवस. दोन, भूक कमी. तीन, चिडचिड. चिठ्ठी मी देते, प्रश्नांची उत्तरं मी देते, आजोबा बाजूच्या खुर्चीवर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. लग्नापासून असंच चाललं आहे. मला त्याचा अभिमान होता. तालुक्यात असा व्यवस्थित पेशंट दुसरा नसेल, असं मला वाटायचं.

पण चिठ्ठीत कोण असतं? मला जे दिसतं ते. मला जे दिसत नाही, ते कोण लिहितं?

पुस्तकातलं उत्तर

डॉक्टरांना एकदा वेळ होता तेव्हा मी तुमचा प्रश्न त्यांनाही विचारला. त्या माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं देते.

बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. एकीत बिघाड असला तर काही वेळा दुसरी सांभाळून घेते. पुरुषाकडे ती प्रत एकच. पाळी असेपर्यंत बाईचे हार्मोन हृदयाला थोडं राखतात. पाळी गेली की ती राखण हळूहळू जाते, आणि हे बायकांना कुणी सांगत नाही. मुलगे जन्मल्यापासूनच किंचित नाजूक असतात. पुढे तंबाखू, दारू, धोक्याची कामं, अपघात हे पुरुषांच्या वाट्याला जास्त. पूर्वी बाळंतपणात बायका इतक्या जायच्या की हे सगळं झाकलं जायचं. "पण नक्की कशामुळे किती, ते कुणालाच ठाम सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मला हे वाक्य सर्वांत आवडलं.

मी लगेच आपल्या घरावर ताडून पाहिलं. आजोबांचे आजोबा जांभळीवरून पडून गेले, ते अपघातात. आजोबांचे वडील तंबाखूत. माझी आजी मात्र माझ्या मावशीच्या वेळी बाळंतपणातच जायची होती, थोडक्यात वाचली. आता माझे वडील. तहसील कचेरीतले कारकून. त्यांनी सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, झाडावर चढले नाहीत, आवाज चढवला नाही. एका सकाळी कचेरीला निघताना चपला घालता घालता गेले. नंतर आईला त्यांच्या पिशवीत पोटासाठी घ्यायच्या सोड्याच्या पुड्या सापडल्या, रिकाम्या, घडी करून ठेवलेल्या. बऱ्याच होत्या. म्हणजे बरेच दिवस काही तरी होत होतं.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं. हेही एक कारण लिहा तुमच्या यादीत. पुस्तकात ते 'उशिरा येतात' एवढंच असतं."

त्याच दिवशी चार वाजता सोनूबाईंची सून धावत आली. "बाई, तुमचं मालक जिन्यात बसल्यात. घामानं भिजल्यात."

मी उठायच्या आत आजोबा दारात उभे होते. हातात डबा, शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय झालं?"

"कुठं काय? उन्हातनं आलो."

"जिन्यात बसलात?"

"चपलेत खडा गेलता."

सोनूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काय वो, खडा चपलेत गेला आन् घाम डोक्याला?"

"आजी, तुमी आराम करा," आजोबा म्हणाले.

"माझा आराम झालाय. तुमाला सोताचं तोंड हाय का, का बायको बोलंल तवाच हलतंय?"

आजोबांनी डबा ठेवला. मी डॉक्टरांना बोलावते म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा बंद झाला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "आधी तुझं होऊ दे," ते म्हणाले. मला ऐकू आलं: लावणी होऊ दे.

घरी

मग पनवेल, अँजिओग्राफी, एक स्टेंट. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मनगटातून नळी घातली आणि मी शुद्धीत असताना पडद्यावर माझं हृदय मला दाखवलं. ते मला वाटलं त्यापेक्षा बरंच घाईत होतं.

घरी आल्यावर आजोबांनी स्वयंपाक हातात घेतला. भात दोन दिवस लागला, तिसऱ्या दिवशी जमला. माझ्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी फ्रिजवर लिहून चिकटवल्या, त्यात स्पेलिंगच्या चार चुका होत्या आणि वेळ एकही चुकली नाही. ते माझ्याबरोबर अंगणात चालायचे. मी दहा फेऱ्या मारायचे, ते तिसऱ्या फेरीला कठड्यावर टेकायचे आणि म्हणायचे, "तू चाल, मी मोजतो." तुमची आई रोज फोन करायची. मला तिकडे मेलबर्नला न्यायचं तिचं ठरलं होतं. आजोबा म्हणायचे, "तिला कुठं न्यायची ती ने, मी इथंच बरा." त्यावरून बाप-लेकीचं वाजलं आणि आठवडाभर ती फक्त माझ्याशी बोलत होती.

महाडला पहिल्या फेरतपासणीच्या वेळी मी काय केलं असेल? चिठ्ठी लिहिली. समोरच्या वॉर्डाला हसून आलेली मी. एक, जिना चढताना दम. दोन, घाम. तीन, अंगणात तीन फेऱ्यांनंतर बसतात. आजोबा बाहेर गाडीत बसले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे तुम्ही पाहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना काय होतंय ते यात कुठे आहे? पुढच्या वेळी त्यांना आत आणा. आणि बाई, तुम्ही बोलायचं नाही."

महिनाभर माझं आणि आजोबांचं त्यावरून चाललं. मी समजावलं, रुसले, एकदा ओरडले, आणि लगेच नाडी मोजून पाहिली. शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "सोनूबाई एकोणतीस वर्षं एकट्या राहिल्या. मला ते जमणार नाही असं मी म्हणत नाही. जमेल. बायकांना जमतं, सगळे म्हणतात. पण मला ते नको आहे."

आजोबांनी भात कालवला. मग म्हणाले, "तू काय ते सांग त्यांना. मी बसतो बाजूला."

"मी काही सांगणार नाही."

"मंग तू काय करनार?"

"मी बाजूला बसणार."

"जमंल तुला?"

"नाही," मी म्हटलं. "पण बसणार."

ती खोली

आधी माझं बीपी झालं, ईसीजी झाला. मग डॉक्टरांनी आपली खुर्ची आजोबांकडे वळवली.

"आजोबा, तुम्हाला काय होतंय?"

"काय नाय. ठणठणीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघू लागल्या. ती शांतता किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष दात मिटून ठेवण्यात होतं. जिना, घाम, फेऱ्या, सगळं माझ्या जिभेवर क्रमांकासहित तयार होतं. मी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

मग आजोबा म्हणाले, "एक इचारू? सांगितलं तर गाडी बंद करायला लावाल?"

"काही दिवस, कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

आजोबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत दरवर्षी डाक्टर यायचा, ड्रायव्हर लोकांना तपासायला. आमचा एक शंकर व्हता, सरळ मानूस. त्यानं सांगितलं, सायेब, मधनंच चक्कर येतीय. दुसऱ्या दिवशी शंकर गेटवर, वॉचमन. त्याची बस मला दिली. रोज त्याच्या समोरनं त्याचीच बस घिऊन आत जायचो मी. तो सलाम करायचा. तवापास्नं डाक्टरनं इचारलं की ठणठणीत. तीस वर्सं. आता दुसरं तोंडात येतच नाय."

मी शंकरला ओळखत होते. गेटवर होता तेही माहीत होतं. का होता, ते मला कधीच कळलं नव्हतं. माझा समज असा की पुरुषांना स्वतःचं दुखणं सांगायला शब्द नसतात, म्हणून बायकांनी ते पुरवायचे. यांच्याकडे शब्द होता. तो बोलला तर काय जातं, ते यांनी पाहिलं होतं. आणि दर वेळी मी चिठ्ठी पुढे करून त्यांना त्यातून सोडवत होते.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीपास्नं. ही नाय, गेली." म्हणजे माझ्या आजारपणाच्याही वर्षभर आधीपासून. "चढाला छाती आवळती. थांबलं की जाती. गाडीत बसलेलं बरं वाटतंय, म्हणून गाडी पुसत बसतो. हिला घिऊन आलो ना दवाखान्यात, तवा पन व्हतं. लोहारे गाव गेल्यावर डाव्या हाताला मुंग्या आल्या. म्हनलं आता काय करायचं, दोघं आडवं झालो तर चालवनार कोन. मंग उजव्या हातानंच आणली गाडी."

मी त्या गाडीत होते. त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर. निळी फाइल आणि हिरवी फाइल सांगत होते.

पुढचं तुमच्या आईने सांगितलंच आहे. त्याच दुपारी त्यांच्या तपासण्या झाल्या, आठवड्याच्या आत पनवेलला दोन स्टेंट बसले, आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी बंद ठेवायला लावली. तो महिना संपला आहे. तेव्हा प्रज्ञा, तुझ्या तक्त्यात आजोबांच्या नावापुढची जागा अजून कोरी ठेव. नियमाचं काय होतंय ते आपण पाहू. मला खरोखर माहीत नाही, आणि या एका बाबतीत मला घाईही नाही.

पण त्या खोलीत आजोबा थांबलेच नाहीत. छातीवरून ते पायांच्या गोळ्यांवर आले, तिथून रात्री मोडणाऱ्या झोपेवर, तिथून तुमच्या आईशी झालेल्या भांडणावर. सिस्टरने दोनदा दार उघडून सांगितलं की बाहेर पेशंट खोळंबलेत. डॉक्टरांनी नुसता हात वर केला. आजोबांनी एक तारीख चुकीची सांगितली, एका गोळीचं नाव चुकीचं सांगितलं, लागलेला भात दोनऐवजी एकच दिवस लागला असं सांगितलं. मी एकही चूक दुरुस्त केली नाही.